गर्भवतीचा रक्तदाब आणि शासनाचे दायित्व

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. या वाक्यात मातृत्वाचा गौरव आहे असे समजण्याचा प्रघात असला, तरी त्यात एक हताश कबुलीही दडलेली आहे. प्रसूतीत मृत्यू यायचा तर येणारच, वाचली तर तिचे नशीब, ही ती कबुली होय. तीत आता तथ्य उरलेले नाही. २००४–०६ या कालखंडात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८–२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. त्याच अवधीत महाराष्ट्रात तो १३० वरून ३३ पर्यंत उतरला, आणि केरळने १९ पर्यंत मजल मारली. स्त्रियांचे नशीब पंधरा वर्षांत इतके पालटत नसते. पालटते ती व्यवस्था.

ही घट समाधानकारक आहे, यात शंका नाही. तथापि समाधानाच्या भरात एक प्रश्न मागे पडतो. उरलेले मृत्यू कशामुळे होतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जगातील मातामृत्यूंपैकी सुमारे २७ टक्के रक्तस्रावाने, तर सुमारे १४ टक्के गर्भारपणातील उच्च रक्तदाबाच्या विकारांनी होतात. या दुसऱ्या गटातील सर्वांत घातक विकार म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया. त्याचे निदान करणारी साधने शंभर वर्षांहून जुनी आहेत, त्यावरील प्रमुख औषध अत्यंत स्वस्त आहे, आणि ते वापरावे की नाही याविषयी वैद्यकशास्त्रात आता दुमत नाही. असे असूनही या विकाराने स्त्रिया मरत असतील, तर त्याची कारणमीमांसा रोग्याच्या शरीरात जितकी करावी लागेल, तितकीच शासनाच्या अंदाजपत्रकात आणि कार्यपद्धतीत करावी लागेल. प्रस्तुत लेखक वैद्य नाही. परंतु हा विषय एकट्या वैद्यांवर सोपवून भागणार नाही, इतके मात्र अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ठामपणे सांगता येते.

मागणीविना गरज

प्रथम विकाराचे स्वरूप थोडक्यात पाहू. गर्भारपणाचे वीस आठवडे उलटल्यानंतर, पूर्वी ज्या स्त्रीचा रक्तदाब सर्वसाधारण होता, तिचा दाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो; सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, अथवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू, रक्तातील बिंबाणू यांपैकी कशावर तरी परिणाम दिसू लागतो. जगभरातील गर्भवतींपैकी साधारणपणे शंभरांत दोन ते आठ जणींना हा विकार होतो. त्याचे मूळ वारेमध्ये, म्हणजे आईच्या रक्तावर गर्भाचे पोषण करणाऱ्या अवयवामध्ये असते, आणि म्हणून वार बाहेर पडणे, म्हणजेच प्रसूती होणे, हाच त्यावरचा अंतिम इलाज ठरतो. वेळीच आवर घातला नाही तर झटके येतात. या अवस्थेला एक्लॅम्प्सिया म्हणतात. मेंदूत रक्तस्राव, मूत्रपिंड निकामी होणे, गर्भातच बालकाचा अंत, अशी पुढची परंपरा असते. खेड्यांतून या झटक्यांना वात म्हटले गेले, फेफरे म्हटले गेले, बाहेरची बाधाही म्हटले गेले; आणि नाव चुकले की उपायही चुकणे क्रमप्राप्तच होते.

या विकाराचे एक लक्षण अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ते असे की, आरंभीच्या काळात तो दुखत नाही. रक्तदाब १५० झालेल्या स्त्रीला बहुधा काहीच जाणवत नाही. पायांवर सूज येते, पण ती निरोगी गर्भवतीलाही येते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ, चेहऱ्यावर व हातांवर सूज, लघवी कमी होणे, ही लक्षणे उमटेपर्यंत पुष्कळदा हाताशी थोडेच तास उरलेले असतात. दात दुखू लागला की माणूस दाताच्या डॉक्टराचे घर शोधत जातो. इथे गरज मोठी असते, पण मागणी शून्य असते. बाजारपेठ मागणीला प्रतिसाद देते, गरजेला देत नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांसारखी का चालत नाही, याचे विवेचन केले होते. आजार कधी येईल याची अनिश्चितता आणि आपल्याला काय हवे आहे याविषयी रोग्याचे अज्ञान, ही त्यांनी दाखवलेली कारणे प्री-एक्लॅम्प्सियाला जितकी लागू पडतात, तितकी क्वचितच दुसऱ्या विकाराला लागू पडत असतील. ज्या स्त्रीला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, ती दवाखान्यात येण्याची वाट पाहत बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. तिच्यापर्यंत आपण होऊन जाऊन तिचा रक्तदाब मोजणे हे सार्वजनिक व्यवस्थेचेच काम आहे, आणि ते दुसरे कोणी करील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

उपाय स्वस्त, म्हणून पोरका

या मोजणीची साधने किती साधी आहेत, हे इतिहासावरून कळते. झटके आलेल्या गर्भवतींच्या लघवीत प्रथिने असतात, हे लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयातील जॉन लिव्हर यांनी १८४३ मध्येच नोंदवले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली तयार केले. लघवी परीक्षानळीत तापवून ती गढुळते का, हे पाहण्याची कृती तर शाळेतील प्रयोगशाळेतही करता येईल अशी आहे. आता तिची जागा रंग बदलणाऱ्या पट्टीने घेतली आहे. गर्भवतींची ठरावीक अंतराने तपासणी करण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत रूढ झाली, तिच्यामागे हा विकार वेळीच हुडकणे हा एक प्रमुख हेतू होता.

औषधाची कथा अधिक उद्‌बोधक आहे. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे मूलतः जुलाबासाठी वापरले जाणारे एप्सम सॉल्ट. झटक्यांवर त्याचा वापर विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच सुरू झाला होता. तरीही कित्येक देशांतील डॉक्टर दीर्घकाळ डायझेपाम व फेनिटॉइन हीच औषधे पसंत करीत राहिले. यांपैकी श्रेष्ठ कोणते, याचा निर्णायक निवाडा १९९५ साली झाला. भारतासह अनेक विकसनशील देशांतील सुमारे १,७०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, झटके पुन्हा येण्याचे प्रमाण मॅग्नेशियम सल्फेटमुळे डायझेपामच्या तुलनेत निम्म्याने, तर फेनिटॉइनच्या तुलनेत दोन-तृतीयांशाने कमी झाल्याचे आढळले. पुढे २००२ साली, ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या 'मॅगपाय' चाचणीने, झटका येण्यापूर्वीच हे औषध दिल्यास त्याची शक्यता निम्म्याहून खाली येते, हे सिद्ध केले. औषध हाताशी होते. ते तपासून पाहण्यास मात्र कित्येक दशके गेली. याचे एक कारण उघड आहे. ज्या मिठावर कोणाची मक्तेदारी नाही, त्यात कोणाला नफाही नाही. आणि ज्यात नफा नाही त्याचा पुरस्कार करीत वैद्यांच्या दारोदार हिंडणारा प्रतिनिधीही नाही. ही उणीव भरून काढण्यास सार्वजनिक निधी आणि विद्यापीठे यांनाच पुढे यावे लागले.

आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. रक्तदाब १६०/११० च्या घरात गेला की तो तातडीने उतरवावा लागतो. यासाठी शिरेतून द्यावयाची औषधे व त्यांवरील सतत देखरेख लहान रुग्णालयांत नेहमी शक्य नसते. तोंडाने घेण्याच्या साध्या गोळ्यांनी हे काम भागेल काय, हा प्रश्न साऱ्या गरीब देशांपुढे होता. त्याचे उत्तर नागपुरातील दोन सार्वजनिक रुग्णालयांत शोधण्यात आले. तेथील ८९४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निफेडिपिन, लॅबेटालोल आणि मेथिलडोपा या तीन औषधांची तुलना झाली. सहा तासांत रक्तदाब सुरक्षित मर्यादेत आणण्यात निफेडिपिन ८४ टक्के, लॅबेटालोल ७७ टक्के आणि मेथिलडोपा ७६ टक्के स्त्रियांच्या बाबतीत यशस्वी ठरले. म्हणजे तिन्ही गोळ्या उपयोगी आहेत, आणि जी हाताशी असेल तिने उपचार सुरू करता येतो. विदर्भातील सरकारी रुग्णालयांच्या खाटांवरून निघालेला हा निष्कर्ष जगाच्या उपयोगी पडला. तो विदर्भाच्याच नव्हे, तर राज्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटापर्यंत पोचला आहे काय, हे पाहणे आता आपले काम आहे.

प्रतिबंधाची साधनेही अशीच माफक आहेत. ज्या स्त्रियांना या विकाराचा धोका अधिक, त्यांना गर्भारपणाच्या आरंभापासून ॲस्पिरिनची लहान मात्रा दिल्यास मुदतीपूर्व उद्‌भवणारा प्री-एक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटतो, असे २०१७ मधील एका मोठ्या चाचणीने दाखवले. अर्थात हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि सोळा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्या समाजात त्याच्या गोळ्या उपयोगी पडतात. भारत सरकारने २०१४ पासून गर्भवतींसाठी त्यांची शिफारस केलेली आहे. बेंगळुरू येथे व टांझानियात प्रत्येकी ११,००० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, रोज ५०० मिलिग्रॅमची मात्रा १,५०० मिलिग्रॅमच्या मात्रेपेक्षा कमी गुणकारी नसल्याचे दिसून आले. तीन गोळ्यांचे काम एका गोळीने होत असेल, तर शासनाचा खर्च वाचतो, आणि गोळ्या घेण्याचा कंटाळाही कमी होतो.

साखळीतील तुटके दुवे

मग अडते कोठे? ज्ञान आहे, औषध आहे, आरोग्यसेविका आहे, उपकेंद्र आहे. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आपण कधीच ठरवून ठेवला आहे. अडचण अशी की हे सारे दुवे एकमेकांत गुंफले गेलेले नाहीत.

याचा धडा आपल्या शेजारच्या जिल्ह्यांनी दिला आहे. कर्नाटकातील बेळगावी व बागलकोट, पाकिस्तानातील सिंध आणि आफ्रिकेतील मोझांबिक येथे एक महत्त्वाकांक्षी प्रयोग झाला. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन रक्तदाब मोजावा, गरज पडल्यास पहिली गोळी व मॅग्नेशियमचे पहिले इंजेक्शन द्यावे आणि स्त्रीला रुग्णालयात धाडावे, अशी त्याची योजना होती. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. एकंदरीत पाहता माता व बालकांच्या मृत्यूंत आणि गंभीर आजारांत लक्षणीय फरक पडला नव्हता. ज्या स्त्रियांना आठ वा अधिक भेटी मिळाल्या, त्यांच्या बाबतीत काही आशादायक चिन्हे दिसली. परंतु ज्यांना अधिक भेटी मिळतात त्या मुळातच वेगळ्या परिस्थितीतील स्त्रिया असू शकतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. गावात दाब मोजणे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ काढणे घाईचे होईल. मोजलेला आकडा पुढे ज्या रुग्णालयात जातो, तेथे खाट, रक्त, भूलतज्ज्ञ आणि निर्णय घेणारा डॉक्टर नसेल, तर मोजणीचे चीज होत नाही, हा यातून घेण्याजोगा बोध आहे.

मॅग्नेशियमच्या बाबतीत आणखी एक दुवा कच्चा राहतो, तो भीतीचा. मात्रा अधिक झाल्यास श्वास मंदावतो, हे खरे आहे. परंतु श्वास मंदावण्यापूर्वी गुडघ्याचा झटका, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर पाय उडण्याची क्रिया, नाहीशी होते. म्हणजे धोक्याची घंटा आधी वाजते. गुडघा तपासणे, मिनिटाचे श्वास मोजणे, लघवी मापून पाहणे आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी जवळ ठेवणे, एवढी दक्षता प्रशिक्षित परिचारिका घेऊ शकते. केंद्र शासनाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी आरोग्यसेविकेला पहिली मात्रा देऊन रुग्णाला पुढे धाडण्याची मुभा दिली आहे. तथापि मुभा आणि धैर्य यांत अंतर असते. काही विपरीत घडल्यास आपल्यावर खापर फुटेल, या धास्तीने कपाटातील कुपी कपाटातच राहिली, तर तिचा दोष एकट्या सेविकेच्या माथी मारता येणार नाही. तिला वरचेवर उजळणी देणे आणि नियमानुसार वागल्यावर तिच्या पाठीशी उभे राहणे, ही वरिष्ठांची जबाबदारी आहे.

फुकट तपासणीची किंमत

तपासणी मोफत आहे, असे आपण म्हणतो. शासनाच्या खर्चाच्या बाजूने पाहिल्यास एक जादा रक्तदाब मोजण्याचा सीमांत खर्च जवळपास शून्य आहे हेही खरे, कारण सेविकेचा पगार, खुर्ची, उपकरण हे सारे आधीच खर्ची पडलेले असते. परंतु स्त्रीच्या बाजूने ती मुळीच मोफत नाही. तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, प्रवासाचे भाडे, घरी ठेवलेली लहान मुले आणि बहुधा सासरची परवानगी. या किमतीचा हिशेब आपल्या योजनांनी अर्धवटच केला आहे. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयात बाळंत होण्यासाठी पैसे दिले. महाराष्ट्रात पात्र मातेला ग्रामीण भागात ७०० व शहरी भागात ६०० रुपये, असा तिचा दर राहिला. त्याचा परिणामही दिसला. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ९४.७ टक्के आढळले. परंतु त्याच पाहणीत पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या, तसेच किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण मात्र ७० टक्क्यांच्या आसपासच होते. ज्या घटनेसाठी मोबदला ठेवला ती घडली, ज्या प्रक्रियेसाठी ठेवला नाही ती मागे राहिली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटणार नाही. पण वीसाव्या आठवड्यानंतर केव्हाही डोके वर काढणाऱ्या विकाराच्या बाबतीत प्रसूतीच्या दिवसावरच सारा भर देणे म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी नेण्यासारखे आहे.

याची सर्वांत कठोर कसोटी ऊसतोडीच्या फडात लागते. बीड व मराठवाड्यातील अन्य जिल्ह्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाची उचल दोघांच्या नावावर असते, आणि खाडा झाला तर त्याचा भुर्दंडही दोघांवर पडतो. वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा. गर्भारपणाचा उत्तरार्ध, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका असणारा काळ, साधारण साडेचार महिन्यांचा. आणि गळीत हंगामही जवळपास तेवढाच. ज्या स्त्रीला हंगामाच्या तोंडावर पाचवा महिना लागतो, तिच्या नावाची नोंद गावच्या उपकेंद्रात राहते, आणि ती स्वतः मात्र तीनशे किलोमीटरांवरील एका पालात असते. गावच्या सेविकेच्या वहीत ती 'स्थलांतरित' असते, फडाजवळच्या सेविकेच्या वहीत ती नसतेच. अशा स्त्रीला दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मातृत्व अभियानाची तपासणी उपलब्ध आहे असे कागदोपत्री म्हणता येईल. पण खाड्याची रक्कम भरून ती तेथे जाईल, ही अपेक्षा तिचे अंदाजपत्रक न पाहिलेल्यांनीच करावी.

प्रसूतीनंतरचा आठवडा

बाळ सुखरूप जन्मले की घरात पेढे वाटले जातात आणि सर्वांचे लक्ष पाळण्याकडे वळते. वास्तविक प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका प्रसूतीबरोबर लगेच संपत नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब पुन्हा चढतो, आणि काही स्त्रियांना पहिला झटका प्रसूतीनंतरच येतो. रुग्णालयातून साधारण ४८ तासांनी घरी पाठवलेली बाळंतीण नेमक्या या दिवसांत कोणाच्याही देखरेखीखाली नसते.

येथे एक अल्पखर्ची उपाय आपल्या हाताशी तयार आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती २०११ पासून देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते. म्हणजे धोक्याच्या नेमक्या दिवसांत एक प्रशिक्षित स्त्री त्या घराच्या उंबरठ्यावर येतच असते. तिच्या पिशवीत एक खात्रीचा रक्तदाबमापक दिला आणि त्या कामाचा रास्त मोबदला तिला दिला, तर त्याच फेरीत आईचीही तपासणी होईल. नवी योजना, नवे पद, नवी इमारत यांपैकी कशाचीही त्यासाठी आवश्यकता नाही. शिवाय ही नोंद त्या स्त्रीला पुढेही उपयोगी पडेल. प्री-एक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रियांना उत्तरायुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून २००७ सालीच पुढे आले आहे.

काय करावे लागेल

वरील विवेचनातून काही गोष्टी ओघानेच येतात. पहिली, प्रत्येक तपासणीत रक्तदाब व लघवी पाहिली गेलीच पाहिजे, आणि आकडा कार्डावर लिहून त्या स्त्रीला व तिच्या घरच्या माणसाला तोंडी सांगितला पाहिजे. आपला आकडा ठाऊक असलेली स्त्री पुढच्या दवाखान्यात मूक राहत नाही. वहीच्या पानामागून पान १२०/८० हीच नोंद आढळली, तर तेथे सर्व स्त्रिया निरोगी आहेत असे न समजता, मोजणी झालेलीच नाही असे तपासनिसाने समजावे. दुसरी, मॅग्नेशियम सल्फेट, निफेडिपिन किंवा लॅबेटालोल आणि कॅल्शियम ग्लुकोनेट यांचा साठा ज्या आरोग्य केंद्रात संपेल, तेथे ती बाब किरकोळ न मानता अपघातासारखी नोंदवली जावी. तिसरी, रुग्णवाहिका निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनी जावा, आणि पहिली मात्रा दिलेली स्त्री दारात आल्यावर तिला 'पुढे न्या' असे सांगण्याचा अधिकार कोणाला नसावा. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने मोफत वाहतूक व उपचार यांचे वचन दिलेले आहे. प्रश्न ते पाळण्याचा आहे. चौथी, ऊसतोडीसारख्या हंगामी स्थलांतरात तपासणीच्या दिवसाचा खाडा स्त्रीच्या माथी बसू नये. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात स्वतंत्र कल्याण महामंडळ आहे. त्याने आणि साखर कारखान्यांनी हा भार उचलणे अवघड नाही.

पाचवी गोष्ट मृत्यूच्या चौकशीची. ब्रिटनमध्ये १९५२ पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी चालत आली आहे. कोणाला शिक्षा करावी हा तिचा हेतू नसतो. कोठे चुकले हे सर्वांना कळावे, हा असतो. तेथे २०१२–१४ या कालखंडात प्री-एक्लॅम्प्सियाने होणारे मृत्यू दहा लाख बाळंतपणांमागे एकाहूनही कमी उरले होते. आपल्याकडेही २०१० पासून मातामृत्यूंचे परीक्षण होते. त्यातील निष्कर्ष नावे वगळून जिल्हावार प्रसिद्ध झाले, तर जिल्हा परिषदांतून त्यांवर चर्चा होईल आणि पुढच्या वर्षीचा निधी कोठे वळवावा हे ठरवता येईल. अन्यथा बैल गेला आणि झोपा केला, एवढेच त्या परीक्षणाचे फलित राहील.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण आधीच इतके खाली आले असताना, मर्यादित निधी कर्करोग, मधुमेह यांसारख्या वाढत्या आजारांकडे का वळवू नये? आक्षेप वरकरणी सयुक्तिक आहे. परंतु खर्चाची तुलना करताना खर्चाच्या दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. येथे बाळंतिणीचा मृत्यू म्हणजे एका विशी-पंचविशीतल्या व्यक्तीचे उरलेले सारे आयुष्य, पुष्कळदा तिच्यासोबत अर्भकाचेही, आणि मागे उरलेल्या थोरल्या मुलांचे शिक्षण व पोषण. दुसऱ्या बाजूला आहे दंडाला बांधायचा एक पट्टा, लघवीची एक पट्टी, काही रुपयांच्या कुप्या आणि वेळेवर निघणारी एक गाडी. इतक्या कमी खर्चात इतके दीर्घ आयुष्य वाचवणारे उपाय सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात फार थोडे आहेत. शिवाय ही व्यवस्था उभी राहिली, की रक्तदाब मोजण्याची तीच शिस्त मधुमेहाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनाही उपयोगी पडते.

शेवटी प्रश्न प्राधान्याचा आहे. अंदाजपत्रकाच्या चर्चेत नव्या वैद्यकीय महाविद्यालयाची घोषणा टाळ्या मिळवते. उपकेंद्रातील रक्तदाबमापक दुरुस्त करण्याची तरतूद मिळवीत नाही. त्या स्त्रियांची संघटना नाही, त्यांचा मोर्चा निघत नाही, आणि आपण धोक्यात आहोत हे त्यांतील बहुतेकींना ठाऊकही नसते. म्हणूनच त्यांच्या वतीने हिशेब मागण्याचे काम ग्रामसभेने, जिल्हा परिषदेने आणि विधिमंडळाने केले पाहिजे. येत्या हंगामात ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक गर्भवतीचा रक्तदाब गाव सोडण्यापूर्वी मोजला गेला, आणि फडावर पोचल्यानंतर तेथील सेविकेने तो पुन्हा मोजला, एवढे जरी आपल्या जिल्ह्यांनी करून दाखवले, तरी या कामाचा योग्य ठिकाणी आरंभ झाला असे म्हणता येईल.